मोट, स्टोव्ह, हापसा : अंबड परिसरातील गळतीदुरुस्तीचा इतिहास

पाणी, रॉकेल किंवा वाफ दाबाखाली धरून ठेवणारी साधने अंबड परिसरात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चार-पाचदा बदलली. विहिरीवर मोट होती, तिच्या जागी इंजिन आले. चुलीशेजारी पितळी स्टोव्ह आला, त्यापाठोपाठ कुकर आणि गॅस. गावाच्या चौकात हापसा उभा राहिला. या प्रत्येक साधनाला गळती लागत असे आणि ती थोपवणारा एक ठरलेला माणूस असे. साधन बदलले की हा माणूस बदलला, त्याचा मोबदला बदलला आणि दुरुस्तीची जागाही बदलली. गळती रोखणारा भाग मात्र बराच काळ एकच होता, तो म्हणजे कमावलेल्या चामड्याचा तुकडा. यंत्राच्या भाषेत तो वॉशर आणि बोलण्यात वायसर.

अंबड हे मत्स्योदरी देवीच्या टेकडीमुळे आणि अहिल्याबाई होळकरांच्या काळातील बांधकामांमुळे ओळखले जाणारे गाव. तालुक्याची दक्षिण सीमा गोदावरीला लागते, पण गावांचा भरवसा नदीपेक्षा विहिरींवरच अधिक राहिला. जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांतून आणि मुरमाच्या थरातून येते, उन्हाळ्यात खोल जाते आणि चवीला जड लागते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेला. रेल्वे अंबडला आली नाही. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाली ती जालन्यावरून, म्हणजे अंबडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरून. बाहेरचा पितळी, लोखंडी माल आणि रॉकेलचे डबे जालना स्टेशनवर उतरत आणि तेथून बैलगाडीने तालुक्यात पोचत. संस्थानात येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे सीमेवरची जकात, द्यावी लागे. जी वस्तू परगावाहून, जकात भरून येते ती मोडली म्हणून टाकून देत नाहीत. दुरुस्तीचा धंदा येथे टिकला त्यामागे हे साधे कारण होते.

या सगळ्यात जुनी गळती मोटेची. मोट म्हणजे म्हशीच्या किंवा बैलाच्या कातड्याची मोठी पिशवी. तोंडाशी लोखंडी कडे आणि खाली निमुळती सोंड. नाडा आणि सोंदूर या दोन दोरांवर ती विहिरीत सोडत. बैल धावेवरून उतरत तसतशी मोट वर येई आणि सोंडेवाटे थारोळ्यात रिकामी होई. एका खेपेला शंभर लिटरच्या वर पाणी निघे, त्यामुळे शिवणीवर ताण मोठा पडे. कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले असे. ते ओले असेपर्यंत मऊ राही. पाळी संपल्यावर आठ-पंधरा दिवस उन्हात पडले की ताठ होई आणि घडीवर तडकत असे. म्हणून मोट तेल पाजून ठेवावी लागे.

मोट शिवणे आणि सांधणे हे काम बलुतेदारीत चामड्याचे काम करणाऱ्यांकडे होते. त्याचे दाम फेरीगणिक मिळत नसे. खळ्यावर धान्याच्या रूपाने वर्षातून एकदा मिळे. दुरुस्तीची पद्धत ठरलेली होती. मोट पाण्याने भरून टांगायची, कोठून थेंब पडतो ते पाहायचे, तेथे आतून ठिगळ लावून वादीने शिवायचे आणि शिवणीच्या भोकांत चरबी किंवा तेल भरायचे. ठिगळ आतून लावण्यात शहाणपण होते. पाण्याचा भार ठिगळाला शिवणीवर दाबून धरतो. बाहेरून लावलेले ठिगळ तोच भार ढकलून काढतो. हा नियम पुढे प्रत्येक वायसराला लागू पडला. कौशल्य असे असूनही या कारागिराला गावगाड्यात काय मान मिळाला हे वेगळे सांगायला नको. मोट गळली की त्याची आठवण होई आणि खळ्यावर माप टाकताना हात आखडे.

तेलावर चालणारी इंजिने विहिरींवर आली तशी मोट मागे पडली. इंजिनाच्या पंपात फिरता दांडा जेथे बाहेर येतो तेथे पाणी गळू नये म्हणून चरबी किंवा ग्राफाइट लावलेली सुती दोरी ठासून बसवत. ही पॅकिंगची दोरी बसवणारा मिस्त्री रोख पैसे घेणारा होता. बलुत्याशी त्याचा संबंध नव्हता.

घरात दाबाचे साधन आले ते स्टोव्हच्या रूपाने. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराने स्टॉकहोममध्ये १८९२ च्या सुमारास काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला आणि ‘प्रायमस’ या नावाने तो जगभर गेला. दक्षिण ध्रुवावर १९११ मध्ये पोचलेल्या अमुंडसेनच्या तुकडीकडेही तो होता. भारतात आधी आयात झालेले आणि नंतर येथेच बनलेले पितळी स्टोव्ह याच रचनेचे होते. मराठवाड्याच्या तालुका गावांत ते प्रथम आले नोकरदारांच्या, दुकानदारांच्या आणि चहाच्या हॉटेलांच्या वापरात. खेड्यांत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि बाभळीचा पाला-फांटा हेच जळण पुढेही बराच काळ राहिले. स्टोव्हचे मोल वेळेत होते. चूल पेटून तवा तापेपर्यंत स्टोव्हवर चहा होऊन कपात पडत असे. पाहुणा आला की ‘स्टो पेटव’ हे वाक्य आपोआप निघे.

स्टोव्हची रचना समजली की त्याची गळतीही समजते. खाली पितळेची टाकी, तिच्या बाजूला आडवा बसवलेला हातपंप. पंपाच्या दांड्याच्या टोकाला वाटीच्या आकाराचा चामडी वायसर. दांडा आत ढकलला की कोंडलेली हवा वाटीची कड पसरवते. कड नळीच्या भिंतीला घट्ट बसते आणि हवा पुढे जाते. दांडा मागे ओढला की कड आकसते व बाहेरची हवा आत शिरते. जितका दाब अधिक तितकी चामडी कड अधिक आवळून बसते, ही युक्ती जुनीच होती. जोसेफ ब्रामाच्या १७९५ च्या पाणदाब-यंत्रातही आपोआप आवळणारे चामड्याचे कडे होते आणि त्याचे श्रेय हेन्री मॉड्स्ली या इंग्रज यंत्रकाराला देतात. पंपाच्या तळाशी एक छोटी झडप असते. तीत स्प्रिंग आणि रबराचा किंवा बुचाचा तुकडा असतो. टाकीतली हवा आणि रॉकेल पंपात परत येऊ न देणे हे तिचे काम. टाकीवर रॉकेल भरण्याचे झाकण आणि हवा सोडण्याची चावी. मध्यभागी उभी नळी आणि तिच्यावर बर्नर. रॉकेल तापलेल्या बर्नरच्या वेटोळ्यांतून जाताना त्याची वाफ होते. ती निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोराने निघते, वाटेत हवा ओढून घेते आणि निळ्या ज्योतीने जळते. सुरुवातीला बर्नर तापवण्यासाठी वाटीत स्पिरिट ओतायचे किंवा स्पिरिटात भिजवलेला काकडा नळीला अडकवून पेटवायचा.

दुरुस्तीवाल्याचे पहिले काम गळती शोधण्याचे आणि ती शोधण्यातच त्याची खरी कसोटी होती. रॉकेल जेथे दिसते तेथे दोष असतोच असे नाही. पंपाच्या दांड्याजवळ रॉकेल झिरपले तर गिऱ्हाईक चामडी वायसराला दोष देई. प्रत्यक्षात तो दोष तळाच्या झडपेचा असे. झडपेतला बुचाचा तुकडा झिजला की टाकीतले रॉकेल पंपात चढते आणि दांडा आपोआप बाहेर येऊ लागतो. उलट दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि टाकीत दाब चढला नाही, तर वायसर कोरडा पडलेला असे. तो काढायचा, कड बोटांनी पसरायची, गोडेतेलात किंवा खोबरेलात भिजवून परत बसवायचा. घरोघरच्या बायकांना हे येत असे. त्यासाठी बाजारात जायची गरज पडत नसे. स्टोव्ह विझून थंड झाल्यावर तासाभरात दाब उतरला तर झाकणाचा किंवा हवेच्या चावीचा वायसर तपासायचा. साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायचे, नाहीतर बर्नर काढून त्या जागी बूच घट्ट बसवायचे, टाकीत हवा भरायची आणि सगळी टाकी पाण्याच्या बादलीत बुडवायची. बुडबुडा येईल तेथे खडूची खूण.

बर्नर आणि नळी यांच्या सांध्यात शिशाचा वायसर असतो. तो चेपला किंवा पाना कमी आवळला गेला तर तेथून वाफ निघून सांध्यालाच ज्योत लागते. ही गळती सर्वांत धोक्याची. तेथे चामडे किंवा रबर बसवणारा माणूस कच्चा समजावा, कारण बर्नरची धग ते सोसू शकत नाहीत.

टाकीलाच भोक पडले तर झाळकाम करावे लागे. टाकीतले रॉकेल ओतून काढायचे, ती धुवायची आणि पाण्याने भरून ठेवायची. रिकाम्या टाकीत रॉकेलची वाफ उरते आणि तापलेला कय्या, म्हणजे डाग देण्याचे हत्यार, तिच्यावर टेकवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. मग जागा घासून उजळायची, नवसागर किंवा जस्ताचे तुकडे टाकून ‘मारलेले’ तेजाब लावायचे आणि कथील-शिशाचा डाग द्यायचा. टाकी पेटत्या स्टोव्हमध्येही फार तापत नाही, म्हणून हा डाग तेथे टिकतो. बर्नरला तोच डाग दिला तर पहिल्याच वापरात वितळून जातो. बर्नर फुटला की तो बदलण्यावाचून उपाय नसे. डाग कोठे चालतो आणि कोठे नाही एवढे ज्याला कळे तो कारागीर. बाकीचे नुसतेच पाने फिरवणारे.

तालुक्याच्या गावात हे काम वेगवेगळ्या लोकांकडे विभागलेले असे. झाळकाम तांबट किंवा कल्हईवाल्याकडे जाई. वायसर, पिना, निपल आणि बर्नर हार्डवेअरच्या नाहीतर सायकलच्या दुकानात मिळत. सुटी दुरुस्ती करणारा माणूस बाजाराच्या दिवशी गोणपाट अंथरून बसे. मराठवाड्यात या कामाची बोली अर्धी मराठी आणि अर्धी दखनी उर्दू होती. मिस्त्री, उस्ताद, तेजाब हे शब्द दोन्हीकडचे. गॅसबत्तीची दुरुस्तीही याच माणसाकडे असे. तिच्यात पंप, झडप, निपल तेच. फक्त ज्योतीच्या जागी कापडी मेंटल. लग्नाच्या वराती, कीर्तने, तमाशाचे फड आणि यात्रा वीज येण्यापूर्वी गॅसबत्तीच्या उजेडात पार पडत आणि मत्स्योदरीच्या नवरात्रासारख्या यात्रेच्या दिवसांत अशा कारागिराला उसंत मिळत नसे.

दुरुस्तीतून स्टोव्हच खराब होण्याचा एक प्रकार सर्रास चाले. निपल चोंदले की पिन मारायची. पिन जाड असली किंवा तिरकी मारली गेली की भोक मोठे होते, वाफ हवेपेक्षा जास्त येते आणि ज्योत पिवळी पडून भांड्यांना काजळी धरते. मग गिऱ्हाईक रॉकेलला शिव्या देई. रॉकेल वाईट असेही, कारण कधी त्यात पाणी असे, कधी गाळ. पण दोष बहुधा पिनेचाच.

स्टोव्हच्या गळतीला एक काळी बाजूही आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी मराठी वृत्तपत्रांत नित्याची झाली होती. स्टोव्हमुळे खरे अपघात होत. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल भरण्यासाठी झाकण सैल केले की दाबाखालचे रॉकेल फवाऱ्यासारखे बाहेर येते. बर्नर पुरेसा तापलेला नसताना पंप मारला तर वाफेऐवजी रॉकेलच उसळते. सैल सांधा पेट घेतो. टाकी मात्र बॉम्बसारखी क्वचितच फुटते, कारण दाब निपलमधून सतत निघून जात असतो. स्टोव्ह उघडून पाहणाऱ्याला म्हणूनच ‘भडक्या’ची कथा पटेल की नाही हे पुष्कळदा सांगता येई. झाकण बंद, चावी बंद, सांधे घट्ट आणि निपल स्वच्छ असेल तर रॉकेल साडीवर आले कोठून, हा प्रश्न उरतो. या मृत्यूंमागचा हुंड्याचा जाच कायद्याने उशिरा ओळखला. छळासाठी भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले आणि हुंडाबळीसाठी ३०४-ब हे १९८६ मध्ये.

याच सुमारास गळतीचा मोठा प्रश्न स्वयंपाकघराबाहेर, गावाच्या चौकात उभा होता आणि त्याच्या इतिहासात जालन्याचे नाव कायमचे आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अवर्षणांनंतर आणि विशेषतः १९७२ च्या दुष्काळात कठीण खडकात वेगाने विंधन विहिरी घेणे सुरू झाले. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही १९७२ मधलीच. विंधन विहिरीवर बसवायला जे हातपंप होते ते युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या पंपांच्या ओतीव लोखंडी नकला होत्या. एका कुटुंबाच्या दिवसाला चार-पाच बादल्या एवढ्यासाठी बनवलेला पंप येथे पाचशे माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसत. खिळी झिजत, दांडा डुगडुगे, वायसर एका बाजूला घासून फाटे आणि काही महिन्यांत पंप बंद पडे. बसवलेल्या पंपांपैकी फार मोठा हिस्सा कोणत्याही वेळी नादुरुस्त असतो, हे युनिसेफच्या पाहणीतही दिसून आले.

जालन्यातील ख्रिस्ती मिशनच्या जलविकास कामात या दोषावर उपाय निघाला. अनेक सांध्यांच्या ओतीव दांड्याऐवजी पोलादाचा, एकाच आसावर फिरणारा दांडा बसवला. हाच ‘जालना पंप’. त्याची कल्पना पुढे सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश अभियंत्याने सोलापूर वेल सर्व्हिसमध्ये उचलली आणि दांड्याला साखळी व अर्धवर्तुळाकार कमान जोडली. त्यामुळे आतील सळई सरळ उभी वरखाली होऊ लागली आणि वायसर तिरका घासणे थांबले. (घरातला स्टोव्ह आणि चौकातला हापसा या दोहोंच्या इतिहासात एकेक स्वीडिश माणूस भेटावा हा योगायोगच.) सोलापूर पंपावरून युनिसेफ, मेराडो ही सरकारी यंत्र-संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रूडास ही कंपनी यांनी मिळून ‘इंडिया मार्क २’ तयार केला. कोइमतूरजवळ त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला. जगातील सर्वांत जास्त वापरला गेलेला हातपंप म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्याचे मूळ अंबडपासून तासाभराच्या अंतरावर आहे, ही गोष्ट जिल्ह्यात मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मार्क २ मध्ये जमिनीखाली सगळा मामला जुनाच होता. पितळी अस्तराचे सिलिंडर, त्यात वरखाली होणारा दट्ट्या, दट्ट्यावर दोन चामडी वाट्या आणि तळाशी झडप. स्टोव्हचा पंप हवा ढकलतो, हापसा पाणी उचलतो. म्हणून स्टोव्हमध्ये वाटीचे तोंड दाबाच्या दिशेने पुढे असते आणि हापशात वर. मोटेच्या आतल्या ठिगळाचे तत्त्व येथेही तेच. पाण्याचा भार चामड्याला भिंतीवर दाबतो.

हापशाचे सिलिंडर जमिनीखाली वीस-तीस मीटर असल्यामुळे गळती डोळ्यांना दिसत नाही. ती हाताने आणि कानाने ओळखावी लागते. दांडा मारताच पाणी येते पण धार बारीक, तर वाट्या झिजल्या. दहा-पंधरा हापसे मारल्यावर पाणी येते आणि मग धार चांगली चालते, तर तळाची झडप किंवा पाइपाचा सांधा गळतो आहे, कारण मधल्या वेळात पाइपातले पाणी परत खाली उतरलेले असते. पाणी उशिरा येते आणि धारही कमी, तर पाइपालाच छिद्र असण्याचा संभव अधिक. बोअरच्या तोंडाशी कान लावला तर आत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येतो. दांडा अगदी हलका जातो आणि पाणी नाही, तर सळई तुटली किंवा सुटली. हातपंपांच्या तपासणीच्या नियमांत हीच चाचणी लिहिलेली आहे. पाणी चालू करायचे, अर्धा तास हापसा बंद ठेवायचा आणि मग पाच हापशांच्या आत पाणी आले तर गळती नाही. पाणी भरायला रोज येणाऱ्या बायकांना हा नियम कोणी शिकवला नव्हता. सकाळच्या पहिल्या घागरीला किती हापसे लागतात यावरून त्या हापशाची तब्येत सांगत.

निदान सोपे पण दुरुस्ती अवघड, ही मार्क २ ची खोड होती. दोन-चार रुपयांचा वायसर बदलण्यासाठी सगळे लोखंडी पाइप एकामागून एक वर काढावे लागत. त्याला शिकंजे, खास पाने, चार-पाच माणसे आणि गाडी लागे. गावातला चामडे ओळखणारा माणूस, बाजारातला स्टोव्हवाला किंवा इंजिनाचा मिस्त्री यांपैकी कोणाच्याही आवाक्यात हे काम नव्हते. ते पंचायत समितीच्या हातपंप यांत्रिकीकडे गेले. तक्रार ग्रामपंचायतीमार्फत तालुक्याला जायची, गाडी जालन्याहून किंवा तालुक्याहून निघायची आणि तोवर बायका दुसऱ्या शिवारातल्या विहिरीवर. वायसर तोच राहिला. त्याच्यापर्यंत पोचणारा हात मात्र गावाबाहेर गेला. मोटेच्या काळात गळती आणि कारागीर यांच्यात एका आळीचे अंतर होते. हापशाने ते एका कार्यालयाचे केले. पुरवठ्याच्या सुरुवातीच्या हिशेबात ही बाब धरली गेली नाही.

त्यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकात कोइमतूर भागातील चाचण्यांतून ‘मार्क ३’ निघाला. त्याचा उभा पाइप रुंद ठेवला, त्यामुळे पाइप न काढता दट्ट्या वर ओढता येतो. याच चाचण्यांत चामड्याच्या वाट्यांऐवजी नायट्राइल रबराच्या वाट्या वापरून पाहिल्या आणि त्या कितीतरी जास्त टिकल्या. चामड्याची प्रत कातड्यागणिक बदलते, कमावणी कच्ची असेल तर ते पाण्यात फुगते आणि वाळूच्या कणांनी कुरतडले जाते. रबर साच्यातून निघते म्हणून सगळे वायसर एकसारखे. नायट्राइल मग मार्क २ मध्येही आले. अशा रीतीने पाणी धरून ठेवण्याच्या कामातून कमावलेले चामडे बाहेर पडले. चामडे कमावण्याचा व्यवसाय तोवर इतर कारणांनीही खेड्यांतून उठलाच होता. मराठवाड्यात पाण्याची पातळी पुढे इतकी खोल गेली की हापशाच्या आवाक्यात पाणीच उरले नाही. अनेक ठिकाणी त्याच बोअरमध्ये विजेचे पंप सोडले गेले. जायकवाडी धरणाच्या पाण्यावरच्या नळयोजना आल्या आणि गळतीचा प्रश्न पाइपलाइनच्या व्हॉल्व्हकडे सरकला.

स्वयंपाकघरातला बदल याहून वेगाने झाला. कुकरबरोबर ‘गॅस्केट’ हा शब्द घरोघर गेला. शिट्टी न होता झाकणाच्या कडेने वाफ येऊ लागली की गॅस्केट थंड पाण्यात टाकायचे आणि तरीही जमले नाही तर नवे आणायचे, एवढे ज्ञान पुरे होते. बर्मा-शेलने १९५५ मध्ये मुंबईत ‘बर्शेन’ नावाने आणलेला घरगुती गॅस तालुक्याच्या गावांत यायला पुढची काही दशके लागली. तोवर रेशनचे निळे रॉकेल, त्याच्या रांगा आणि काळा बाजार हेच चित्र राहिले. या काळ्या बाजाराची ताकद किती होती ते २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. तेलभेसळीवर कारवाई करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जाळून मारण्यात आले. २०१६ मधील उज्ज्वला योजनेनंतर गॅस खेड्यांतही पोचला आणि रेशनचे रॉकेल हळूहळू बंद होत गेले. सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा छोटा रबरी वायसर हा स्टोव्हच्या वायसराचाच वारस. पण गॅसला वास मिसळलेला असतो म्हणून त्याची गळती नाकाला कळते आणि ती घरी दुरुस्त करायची नाही असा नियम आहे. खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि एजन्सीला कळवायचे. साबणाच्या फेसाची जुनी चाचणी तेवढी चालू राहिली.

तेवढ्यात दाब आणि वाफ वेगळ्याच वाटेने परत आली. मंगल कार्यालयांतील लग्नांत चकचकीत उभ्या टाकीचे ‘एस्प्रेसो’ यंत्र दिसू लागले. त्यातून मिळते ती झटपट कॉफीची भुकटी, साखर आणि दूध वाफेच्या नळीने फेसाळून केलेली कॉफी. इटालियन एस्प्रेसोशी तिचे नाते नावापुरते. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र बॉयलरच्या वाफेच्या दाबाने पाणी कॉफीतून ढकलत असे. दट्ट्याने अधिक दाब देऊन दाट फेसाची कॉफी काढण्याची पद्धत आकिले गाज्जियाने १९४० च्या दशकात रूढ केली. लग्नातले यंत्र यातले फक्त वाफेचे अंग घेते. गॅसवर तापणारी टाकी, सुरक्षा झडप, दाबाचा काटा आणि वाफेची चावी. गळती चावीच्या दांड्याभोवती होते आणि ती थांबवायला दांड्याभोवती पॅकिंगची दोरी भरतात. इंजिनाच्या पंपात भरायचे तीच. सुरक्षा झडपेतून वाफ सुटते तेव्हा ती गळती समजून झडप आवळणारा वाढपी मात्र स्टोव्हच्या काळातील सगळ्या चुकांहून मोठी चूक करतो.

शहरांत राहणाऱ्या जालना-अंबडकडच्या कुटुंबांत आता घरगुती एस्प्रेसो यंत्रही दिसते. त्यात विजेचा छोटा पंप पाण्याला कित्येक पट दाब देतो आणि कॉफीतून पाणी साधारण नऊ बार दाबाने जाते. गळतीच्या जागा ओळखीच्याच आहेत. कॉफीचा दांडा ज्या कड्यात अडकतो तेथे बाजूने पाणी आले, तर तेथील रबरी गॅस्केट उष्णतेने कडक झालेले असते किंवा त्याच्या खोबणीत कॉफीचा चुरा अडकलेला असतो. वाफेची नळी बंद असताना थेंब गळत राहिले, तर झडपेच्या बैठकीवर क्षार बसलेला असतो. यंत्राच्या खाली पाणी साचले, तर आधी टाकीच्या तळाची झडप आणि नळ्यांचे सांधे पाहायचे. कॉफी काढल्यावर तबकात पाणी पडते ते मात्र पुष्कळ यंत्रांत उरलेला दाब सोडण्याच्या झडपेचे असते आणि त्यात दोष नसतो. यंत्र गार असताना गळत नाही आणि तापल्यावर गळते, तर शोध बॉयलरच्या बाजूला घ्यायचा. मराठवाड्यातील विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी अशा यंत्रात भरले तर क्षाराचा थर लवकर धरतो. म्हणून गाळून मऊ केलेले पाणी वापरायचे आणि सायट्रिक आम्लाने, म्हणजे लिंबूसत्वाने, ठरावीक काळाने बॉयलर धुवायचा. उघडण्यापूर्वी यंत्र विजेपासून तोडून पूर्ण गार करायचे आणि वाफेची चावी उघडून दाब सोडायचा. स्टोव्हची हवा सोडल्यावाचून झाकण काढायचे नाही, हा जुना नियम येथेही लागू.

या यंत्राचे सुटे भाग अंबडच्या बाजारात मिळत नाहीत. ते पुण्या-मुंबईहून किंवा कुरियरने मागवावे लागतात. बाजारात जे टिकले आहे ते कुकरचे गॅस्केट, गॅसच्या शेगडीच्या चाव्या, मिक्सरचे कपलिंग आणि नळाचे वायसर विकणारे, बसवून देणारे दुकान. पितळी स्टोव्ह तेथे आलाच तर बहुधा मोडीत घालण्यासाठी येतो, कारण पितळेला किलोवर भाव आहे.